माझा डावा गाल

आमच्या घरी जेवताना ताटात केस निघाला, तर तो कुणाचा असं विचारायची पद्धत नव्हती. कुणाचाही असू शकायचा. खांदा कॉलनीतल्या आमच्या तळमजल्याच्या घरात हॉल म्हणून जी खोली होती, तिच्या मधोमध आईने फुलाफुलांचा जाड पडदा लावला होता. पडद्याच्या अलीकडे आम्ही तिघं, एक टीव्ही आणि बाबांची आरामखुर्ची, आणि पलीकडे आईचं पार्लर. स्वयंपाकघर मात्र दोघांत एकच. गॅसच्या एका शेगडीवर वरण, दुसऱ्या शेगडीवर वॅक्स. साखर, लिंबू आणि पाणी घालून आई ते ढवळत बसायची, आणि त्याचा तो गोडसर करपलेला वास वरणाला, पोळ्यांना, माझ्या कॉलेजच्या ओढणीला, सगळ्याला लागायचा. फेसपॅक कालवायची स्टीलची वाटी आणि श्रीखंडाची वाटी एकाच सेटातल्या होत्या. आई म्हणायची, मी वेगळ्या ठेवते. कसल्या वेगळ्या! दसऱ्याला श्रीखंड खाताना मला मुलतानी मातीचा वास आला नाही असं एकही वर्ष गेलं नाही.

सकाळी नऊपासून पडद्यापलीकडे आवाज सुरू व्हायचे. दोरा दातात धरून आई भुवया कोरायची त्याचा बारीक करकर आवाज, वॅक्सची पट्टी ओढल्यावर बाईच्या तोंडातून निघणारा 'आई गं', टेबलफॅनची खडखड, आणि या सगळ्यावर बायकांच्या गप्पा. सासू, नणंद, कुणाचं कुठे जमलं, कुणाचं मोडलं. ब्लीचचा डबा उघडला की नाकात जाळ व्हायचा आणि बाबा पेपर घेऊन बाहेरच्या पायरीवर जाऊन बसायचे. ते तळोज्याला केमिकल कंपनीत होते. "दिवसभर तिकडे वास घ्यायचा आणि सुट्टीच्या दिवशी इकडे," एवढंच त्यांचं या विषयावरचं मत. आई एखाद्या बाईच्या नाकावरचे ब्लॅकहेड सळईने दाबून काढायची, कापसाला पुसायची, हात धुवायची आणि पडदा सारून आत येऊन पोहे खायला बसायची. मी तिच्यासमोर बसलेली असायचे. तो कापूस मी पाहिलेला असायचा. शी! मला पोहे आवडत नाहीत असं सासरी सगळ्यांना वाटतं.

पण आईला काही येत नव्हतं असं मी म्हणणार नाही. तेवढी खोटी मी नाही. ठाण्याला जाऊन तिने कोर्स केला होता आणि त्यातली एक गोष्ट तिने धर्मासारखी पाळली होती. तिला ती 'चेहऱ्याचा कागद' म्हणायची. नवीन बाई आली की तिला साध्या पाण्याने तोंड धुवायला लावायचं, वर काही म्हणजे काही लावायचं नाही, आणि तासभर तसंच बसवायचं. मग बटर पेपरचे पाच तुकडे घ्यायचे, कपाळ, नाक, दोन गाल, हनुवटी यांवर एकेक दाबायचा आणि ट्यूबलाइटसमोर धरायचा. कागद सगळीकडे तेलकट झाला तर त्वचा तेलकट. कोरडाच निघाला आणि बाई 'तोंड ओढतंय' म्हणाली तर कोरडी. कपाळ-नाकाचा कागद तेलकट आणि गालांचा कोरा निघाला तर मिश्र. आणि नुसत्या पाण्यानेच जिचं तोंड लाल व्हायचं तिला आई हातच लावायची नाही. आधी कानामागे थोडं लावून एक दिवस थांबायची. मग तेलकटवालीला मुलतानी माती आणि गुलाबपाणी, तेही आठवड्यातून एकदाच, "रोज लावलंस तर कातडी चिडून जास्त तेल सोडेल गं." कोरडीला साबण बंद, बेसन आणि साय. मिश्रवालीला नाकाचं वेगळं आणि गालांचं वेगळं. "एक तोंड म्हणून सगळ्याला एकच लावायचं, असं नसतं," ती बायकांना सांगायची आणि बायका माना डोलवायच्या.

हे कागद ती टाकून द्यायची नाही. एका लांबोडक्या वहीत चिकटवून खाली बाईचं नाव लिहायची. सुकापूरच्या दोघी जावांचे कागद एकाच पानावर होते. ती वही आमच्या देवघराखालच्या कप्प्यात असायची आणि उन्हाळ्यात तिला खवट वास सुटायचा. सगळ्या कॉलनीच्या बायकांचं तेल आमच्या देवाच्या पायाशी! मला त्या वहीची एवढी किळस होती की कप्प्यातल्या उदबत्त्या काढायच्या असल्या तरी मी बाबांना हाक मारायचे.

त्या वहीत पहिल्या पानावर माझा कागद होता. पाचही तुकडे असे पारदर्शक झालेले की खालच्या ओळी दिसाव्यात. मी सोळा वर्षांची झाले आणि माझ्या तोंडावर जे काही उगवलं त्याला मुरूम म्हणणं म्हणजे कौतुक. पिकायचे, फुटायचे, खपली धरायची, त्याच खपलीच्या कडेला दुसरा यायचा. उशीचा अभ्रा सकाळी बघवायचा नाही. आणि लोकांना, विशेषतः बायकांना, दुसऱ्याच्या मुरमाला बोट लावायची एवढी काय हौस असते देव जाणे. आमच्या शेजारच्या जोशीकाकू हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवायच्या, जणू काही मी बाजारातलं वांगं आहे, आणि म्हणायच्या, "पोट साफ होतं का गं?" एकदा पडद्यापलीकडून मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. एक बाई दुसरीला म्हणत होती, "हिच्याकडे कशाला फेशियल करायचं? स्वतःच्या पोरीचं तोंड बघितलंस का?" आईनेही ते ऐकलं. त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं.

माझ्या आयुष्यातली घाण तिथून सुरू झाली. कानामागे लावून काय कळतंय, असं म्हणून आईने चाचणीची जागा बदलली. काहीही नवीन आलं की आधी माझ्या डाव्या गालावर. डावा का, तर मी खुर्चीवर बसले की दारातून येणाऱ्या बाईला माझा उजवा गाल दिसायचा. बिघडलं तर डावा बिघडेल आणि तो भिंतीकडे असेल. एवढा विचार तिने केला होता. अंड्याचा पांढरा बलक लावून मी कॉलेजला गेले आहे, धुऊनही तो वास जायचा नाही, वर्गातली मुलगी बाक बदलून बसली होती. दह्यात कालवलेली कडुनिंबाची पानं, बटाट्याचा कीस, पपईचं साल, टूथपेस्ट, आणि एकदा तर कुणीतरी सांगितलं म्हणून लसणाची पाकळी चोळली तिने, तेव्हा गालाला फोड आला. "थोडं सोस गं सुमे, कळेल तरी," असं म्हणत ती फुंकर घालायची. तिची बोटं मात्र अशी हलकी पडायची की रागावता यायचं नाही. हेच मला अजून सहन होत नाही. ती जर राक्षसासारखी वागली असती तर माझं काम सोपं झालं असतं.

मग ती डबी आली. कापूस, ब्लीच, दोऱ्याची रिळं विकणारा एक सेल्समन दर पंधरवड्याला काळी बॅग घेऊन यायचा. त्याने बॅगेच्या तळातून एक पांढरी प्लॅस्टिकची डबी काढली. निळं झाकण, वर नाव नाही, गाव नाही, काही नाही. "मॅडम, हे फक्त पार्लरसाठी आहे. दुकानात मिळत नाही. आठ दिवसांत रिझल्ट." आईने डबी हुंगली, चिमूटभर बोटावर घेतली आणि मला हाक मारली. पांढरं, लोण्यासारखं क्रीम होतं, वास गुलाबाचा, आणि गुलाबाच्या मागे औषधाच्या दुकानात येतो तसला काहीतरी.

आठ दिवसांत माझ्या डाव्या गालावरचे मुरूम बसले. नुसते बसले नाहीत, गाल गोरा झाला. मी दोन रंगांची झाले. उजवा गाल जुना, लाल, खडबडीत, आणि डावा एखाद्या दुसऱ्याच मुलीचा. आई मला ट्यूबलाइटखाली उभी करून बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आता खरं सांगायचं तर लिहिते. दुसऱ्या दिवशी डबी मीच तिच्यापुढे धरली आणि म्हटलं, "आई, उजव्या गालावरपण लाव ना." कुणी जबरदस्ती केली नव्हती. महिन्याभरात कॉलेजात मुली विचारायला लागल्या, तू काय लावतेस. बाक बदलून गेलेली ती मुलगी माझ्याशेजारी येऊन बसली. मी आरशासमोर अर्धा अर्धा तास उभी असायचे. बाबा पायरीवरून म्हणायचे, "झालं का दर्शन?"

आणि आईची वही बंद झाली. बाई आली, बसली, कागद वगैरे काही नाही. कोरडी असो, तेलकट असो, मिश्र असो, सगळ्यांना डबी. "आता कागदाची भानगड नको. ही सगळ्यांना चालते." तीच आई, जी म्हणायची सगळ्याला एकच लावायचं नसतं! ज्या बाईला साध्या पाण्याने पुरळ यायचं तिच्याही हातात तिने डबी दिली. मला दारासमोरच्या खुर्चीवर बसवायला लागली, आता कुठलाही गाल चालत होता. बाई आत आली की आई म्हणायची, "ही आमची सुमेधा. आठवतं ना कशी होती?" मी हसायचे. त्या हसण्याची आज मला जेवढी घाण वाटते तेवढी त्या कापसाचीही वाटत नाही.

हल्ली माझी भाची, मावसभावाची मुलगी, फोनवर स्वतःच्या तोंडाचा फोटो काढते आणि फोन तिला सांगतो तुझी त्वचा अमुक प्रकारची आहे, सकाळी हे चार लाव, रात्री ते सहा लाव. तिच्या बाथरूममध्ये बाटल्यांची रांग आहे. मी एकदा विचारलं, यातलं तू एखादं लावायचं थांबवलंस तर काय होतं? ती म्हणाली, काही नाही होत आत्या, थांबवायचं. मी म्हटलं, बरं मग.

माझं थांबवणं चुकून झालं. दिवाळीच्या सुट्टीत मी पेणला मावशीकडे गेले आणि डबी न्यायची विसरले. तिसऱ्या दिवशी तोंड गरम लागायला लागलं. पाचव्या दिवशी मावशीने दार उघडून मला पाहिलं आणि हातातलं ताट खाली ठेवलं. सगळा चेहरा लालबुंद, सुजलेला, आणि त्यावर पूर्वीच्या दसपट पिवळ्या पुळ्या. उन्हात गेलं की भाजायचं, फोडणीची वाफ आली तरी भाजायचं. गालावर बारीक बारीक लाल शिरा दिसत होत्या आणि कानाच्या बाजूने लव वाढली होती, चांगली काळी. मावशी मला त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हातारे, चिडखोर. त्यांनी भिंग लावून माझा गाल पाहिला आणि विचारलं, "कुठलं क्रीम लावतेस?" मी वर्णन केलं. "किती महिने?" मी सांगितलं. त्यांनी भिंग टेबलावर आपटलंच. "हे स्टिरॉइड आहे. खरजेच्या मलमात असतं, तेही चार दिवस लावायला. तुझी कातडी पातळ झाली आहे, कागदासारखी. पिशवीभर मुरूम आत दाबून ठेवले होते, ते आता बाहेर आले. कुणी दिलं?" मी म्हटलं, मीच आणलं. ते म्हणाले, "जिथून आणलंस तिथे जाऊन सांग, दुसऱ्या कुणाला देऊ नका म्हणावं. नाहीतर जितक्या जणी लावतात तितक्या जणी अशा होणार."

मी घरी येऊन आईला शब्दन् शब्द सांगितला. ती ओट्याशी उभी होती, वॅक्स ढवळत होती. ढवळायची थांबली नाही. "डॉक्टर लोकांना पार्लरवाल्या बायका डोळ्यांत खुपतात," ती म्हणाली. "तुला सवय सुटली म्हणून झालं. परत लाव, बसेल." परत लावलं आणि खरंच थोडं बसलं, आणि हे त्याहून भयंकर होतं. पण पूर्वीसारखं नाही. शिरा दिसायच्या त्या दिसायच्याच. मग तिने फाउंडेशनचा थर काढला, स्पंजने माझ्या तोंडावर थापला, वर पावडर, आणि हात धरून मला नेऊन दारासमोरच्या खुर्चीवर बसवलं. आत सगळं ठणकत होतं आणि वरून मी गुळगुळीत. थराखाली घाम यायचा आणि त्याला रबरासारखा वास यायचा. आईने माझी मान किंचित उजेडापासून दूर वळवली, आणि बाहेर जाऊन पहिल्या बाईला म्हणाली, "या ना."

वैशाली त्याच आठवड्यात आली. तिची आई हिराबाई आमची मासळीवाली, उरणच्या बाजूच्या कोळीवाड्यातून पनवेलच्या बाजारात यायची, आणि आई तिच्याकडून हलवा आणि बोंबील घ्यायची. हिराबाई मोठ्या तोंडाची, मोठ्या हसण्याची बाई. पोरीचं लग्न ठरलं होतं. मुलाकडच्या कुणीतरी 'पोरगी जरा सावळी हाय' असं म्हटलं होतं आणि तेवढं हिराबाईच्या जिव्हारी लागलं होतं. "ताई, दोन महिने हायत. माज्या पोरीला तुज्या पोरीसारकी कर," ती आईला म्हणाली. मी वैशालीकडे पाहिलं. काळीसावळी, तुकतुकीत, एक डाग नाही, एक पुळी नाही. खाऱ्या वाऱ्यात वाढलेली कातडी. कागद लावला असता तर आई म्हणाली असती, हिला फक्त खोबरेल लावा आणि सोडून द्या. आईने कागद लावला नाही. तिने डबी काढली.

मग वॅक्स उतू गेल्याचा वास आला म्हणून आई आत पळाली आणि हिराबाई बाहेर टोपलीशी गेली. खोलीत आम्ही दोघीच. वैशाली माझ्या वयाचीच असेल. तिने डबीचं झाकण उघडलं, हुंगलं, आणि मला हळूच विचारलं, "तू पन हेच लावतस ना? खरा सांग. तुला काय वाईट नाय ना झाला? मना भ्या वाटतं." माझं तोंड आतून जळत होतं. डॉक्टरांचे शब्द कानात होते. पडद्यापलीकडे आई पातेलं आपटत होती, तिला काही ऐकू येणार नव्हतं. आणि मी म्हणाले, "नाही गं. काही नाही होत. छान होतं." तिने डबी पदरात बांधली.

पुढचे दोन महिने वैशाली बाजारात तिच्या आईबरोबर यायची तेव्हा मी तिला लांबून बघायचे. गोरी होत चालली होती. हिराबाई आईला पापलेट जास्तीचं घालायची. ते पापलेट मी खाल्लं आहे, लिंबू पिळून, ती उजळते आहे हे मला माहीत असताना, आणि पुढे काय होणार हेही माहीत असताना. मग सेल्समन यायचा बंद झाला. का, ते कळलं नाही. एक पंधरवडा गेला, दुसरा गेला, डब्या संपल्या. लग्नाच्या आदल्या आठवड्यात हिराबाईचा फोन आला. घरी फोन घेतला तो मीच. "पोरीचा तोंड भाजतं, लाल झाला हाय, ताईला इचार काय लावू." मी आईला हाक मारली. आईने रिसीव्हर कानाला लावून शांतपणे सांगितलं, "दृष्ट लागली असेल. कोरफड लावा, मी हळदीला येतेच आहे, मेकअपमध्ये सगळं झाकलं जाईल." मी तिथेच उभी होते. बाबाही होते. बाबांनी पेपरचं पान उलटलं.

हळद दुपारची होती. आई आणि मी एसटीने निघालो, मेकअपची पेटी मांडीवर घेऊन. आज तिकडे द्रोणागिरीपर्यंत गोदामं आणि कंटेनर. तेव्हा खिडकीतून मिठागरं दिसायची आणि सुक्या मासळीचा वास गाडीत भरायचा. आईने येताना बांगड्या घातल्या होत्या, ठेवणीतली साडी नेसली होती. कोळीवाड्यात शिरलो तर स्पीकर लागलेला, अंगणात मांडव, मटणाची पातेली चुलाण्यावर, बायका हिरव्यागार साड्यांत. पाटावर वैशाली बसली होती. तिच्याभोवती बायकांचं कडं, आणि मधोमध धवलारीण, लग्नातली गाणी म्हणणारी म्हातारी, डोळे मिटून गात होती. एकेक बाई येत होती, वाटीतली तेल-हळद दोन्ही हातांनी घेऊन वैशालीच्या गालांवर रगडत होती.

मी पुढे होऊन पाहिलं. हळदीच्या पिवळ्या थराखाली चेहरा सुजून टम्म झाला होता. जिथून थर निघाला होता तिथे कच्चं लाल मांस दिसावं तसं. हनुवटीवरच्या पुळ्या रगडून फुटल्या होत्या आणि पू हळदीत मिसळून मानेवर ओघळला होता. वैशाली रडत होती. तोंडातून आवाज नव्हता, पण पाटाच्या कडा तिने अशा धरल्या होत्या की बोटं पांढरी पडली होती. बायकांना वाटत होतं पोरगी माहेर सुटणार म्हणून रडते. "रड, रड, आज नाय रडायचा तर कवा?" असं म्हणत कुणीतरी अजून एक मूठभर हळद तिच्या गालावर चोळली आणि सगळ्या हसल्या.

आईने पाहिलं. तिला एका क्षणात कळलं, ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मग ती खाली बसली, पेटी उघडली, आणि स्पंज बाहेर काढला. माझ्या तोंडावर फिरवायची तोच. "चला, हळद धुऊन घ्या, मी बसते मेकअपला," ती म्हणाली.

काय झालं मला माहीत नाही. धाडस वगैरे शब्द मी स्वतःसाठी वापरणार नाही. मला ओकारी येत होती, एवढंच. मी मांडवाच्या कडेच्या पिंपाशी गेले, तांब्याने पाणी घेतलं आणि तोंड धुतलं, ओढणीने खसाखसा पुसलं, पुन्हा धुतलं. फाउंडेशनचं मातकट पाणी माझ्या ड्रेसवर उतरलं. मग मी कड्यात घुसले आणि म्हणाले, "थांबा. हळद लावू नका तिला. हे बघा. माझंपण असंच आहे. तिला दिलेल्या क्रीमने झालंय."

धवलारीण गायची थांबली. स्पीकर बाहेर चालूच होता. हिराबाई उठली, माझ्याजवळ आली आणि तिने माझी हनुवटी धरली. इतक्या बायकांनी आजवर धरली होती, तशीच. तिने माझा एक गाल पाहिला, दुसरा पाहिला, मग पोरीकडे पाहिलं आणि मग आईकडे.

"तुला म्हाईत होता?" ती म्हणाली.

आई उभी राहिली. स्पंज अजून तिच्या हातात होता. आणि ती जे बोलली ते ती मनापासून बोलली, स्वतःच्या बचावाला बोलली, तिला वाटलं हे ऐकून सगळ्या शांत होतील. "हिराबाई, देवाशपथ सांगते. मी तुमच्या पोरीला नुसतं नाही दिलं. आधी माझ्या पोरीला लावलं. प्रत्येक गोष्ट आधी हिला लावते, मग दुसऱ्याला. विचारा हिला."

कुणी मला काही विचारलं नाही. हिराबाईच्या तोंडावर जी शिसारी आली ती मी विसरणार नाही. बाजारात सडकी मासळी कुणी पुढे केली तरी तिचं तोंड असं झालेलं मी पाहिलं नव्हतं. "सवताच्या पोरीला पन?" एवढंच म्हणाली आणि दोन पावलं मागे सरली. आईने माझ्याकडे पाहिलं, मी 'हो' म्हणावं म्हणून.

मग धावपळ झाली. हळद धुतली, ओल्या फडक्यांच्या घड्या ठेवल्या, कुणीतरी उरणहून डॉक्टर आणला, त्याने गोळ्या आणि साधं मलम दिलं. नवऱ्या मुलाला निरोप गेला. तो स्वतः आला, दारातून आत डोकावला, आणि हिराबाईला म्हणाला, लग्न उद्याच आहे, मी कुठे जात नाही. बायका कौतुकाने त्याच्यावरून बोटं मोडत होत्या. आईला कुणी काही बोललं नाही, मारलं नाही. ती मांडवाच्या कडेला पेटी घेऊन बसून होती आणि तिच्याभोवती मोकळी जागा राहिली होती. मी मात्र एकदम कौतुकाची झाले. एक म्हातारी म्हणाली, पोरगी वाघीन हाय. हिराबाईने डोक्यावर हात ठेवला, "तू होतीस म्हून कळला गो बाय." मला मांडीवर घ्यायचंच बाकी होतं. कुणी सरबत आणलं. मी ते प्यायले. मला बरं वाटत होतं, कबूल करते, आईकडे बघून मला माझं स्वतःचं अंग स्वच्छ झाल्यासारखं वाटत होतं.

निघताना मी वैशालीला भेटायला आतल्या खोलीत गेले. ती चटईवर पडली होती, तोंडावर ओलं फडकं. मी शेजारी बसले, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "होईल गं बरं. वेळ लागतो, पण होतं." बाहेर बायका माझंच नाव घेत होत्या.

तिने दुसऱ्या हाताने फडकं बाजूला केलं. डोळे एवढे सुजले होते की जेमतेम उघडत होते. तरी तिने ते माझ्यावर रोखले आणि माझ्या हातातला हात हळूच काढून घेतला.

"तुज्या आईला मी काय इचारला नव्हता," ती म्हणाली. "तुला इचारलेला."